धुळ्याची पोच

१० नोव्हेंबर १९९७, सोमवार. जळगाव

पंडितभाऊंनी आज ऑफिसात नवा माणूस आणला. आधार सोनवणे. मूळचा शिंदखेड्याचा, पुण्याला दोन वर्षं नोकरी करून परतलेला. आल्या आल्या माझ्या खुर्चीत बसला, माझा प्रोग्राम अर्धा तास वाचला आणि म्हणाला, "चांगला आहे. फक्त फार विचारतो."

ज्योत्स्ना हसली. माझ्या कानांपर्यंत आग गेली.

काम दोंडाईच्याच्या मिरची लिलावाचं आहे. यार्डात ढिगाचा भाव फुटला की एका मशीनवर टाकायचा. तो तीन ठिकाणी गेला पाहिजे: फाटकावरच्या मोठ्या बोर्डावर, शेतकऱ्याची चिठ्ठी छापणाऱ्या प्रिंटरवर, आणि टेलिफोनच्या लायनीवरून धुळ्याला व्यापाऱ्यांच्या ऑफिसात. माझ्या प्रोग्राममध्ये ही तिन्ही ठिकाणं दर दोन सेकंदांनी मुख्य मशीनला विचारतात, नवा भाव आला का? नाही. आला का? नाही. आधारने पाटीवर हिशेब मांडला. सहा तासांत बत्तीस हजार वेळा विचारणं, आणि भाव येणार एकशेचाळीस.

"मशीन थकत नाही," मी म्हणालो.

"लाइन थकते," तो म्हणाला.

चार महिने मी त्यावर घासलेत. त्याने अर्ध्या तासात पुसलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

त्याची रचना अशी. 'लिलाव' नावाचं एक ऑब्जेक्ट. त्याच्याजवळ ऐकणाऱ्यांची यादी. ज्याला भाव हवा त्याने एकदाच नाव नोंदवायचं आणि गप्प बसायचं. भाव फुटला की लिलावच यादीतल्या प्रत्येकाला हाक मारणार. कोण बोर्ड, कोण प्रिंटर, कोण धुळं, हे त्याला ठाऊकच नाही. त्याला एवढंच ठाऊक की प्रत्येकाकडे तीन फंक्शन आहेत: नवा भाव आला, बिघाड झाला, लिलाव संपला. शेवटच्या दोनांपैकी एक आलं की पुढे काहीच यायचं नाही. आणि प्रत्येक ऐकणाऱ्याची आपापली वेगळी रांग. धुळ्याची लाइन रेंगाळली तर त्याची रांग वाढेल, बाकीच्यांना झळ नाही. लिलाव सांगून मोकळा. कोणी केव्हा ऐकलं ते बघत बसायचं नाही.

मी म्हणालो, मग पोचलं की नाही हे कसं कळणार? तो म्हणाला, ते त्या रांगेचं काम, लिलावाने जीव कशाला टाकायचा.

तेवढ्यात ज्योत्स्नाने विचारलं, एखाद्याने दुपारी बाराला नाव नोंदवलं तर सकाळचे भाव त्याला मिळणार का. आधारने खडू खाली ठेवला. म्हणाला, हा प्रश्न मला पुण्यात कोणी विचारला नव्हता.

ती अकरा महिने माझ्या शेजारच्या मशीनवर बसते. तिला असले प्रश्न पडतात हे मला माहीतच नव्हतं. आणि मला माहीत नसलेलं त्याला दोन दिवसांत कळतं, याचा राग कुठे ठेवू?

रचना चांगली आहे. हे फक्त इथे लिहितो.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज पाचव्यांदा विचारलं.

दसऱ्याच्या आधी मी ज्योत्स्नाला जे विचारायचं ते विचारून टाकलं होतं. स्टॅंडवर उभं राहून, सरळ. ती रागावली नाही. म्हणाली, "मला वेळ दे. मी स्वतः येऊन सांगेन. तोवर विचारू नकोस."

वेळ कशाला ते मला कळतं. तिचे वडील रेल्वेत, घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. माझं घर बोदवडला, वडील भावकीला विचारल्याशिवाय गोठ्याचं दारसुद्धा बदलत नाहीत. पण मला तिचं उत्तर पाहिजे. घरच्यांचं नंतर बघू. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला सरांनी वर्गातून बाहेर जा म्हटलं, तर मी कॉलेजातूनच बाहेर पडलो. घरी नंतर कळवलं. माझं हे असंच आहे.

आज विचारलं तेव्हा तिने मान वर केली नाही. म्हणाली, "सुकदेव, तू विचारलंस की मला परत पहिल्यापासून सुरू करावं लागतं."

याचा अर्थ काय घ्यायचा?

२५ नोव्हेंबर, मंगळवार

वाटणी झाली. मी दोंडाईच्याला, यार्डात, मुख्य मशीनवर. ज्योत्स्ना आणि आधार धुळ्याला, भाव येतात ते बघायला. पंडितभाऊ म्हणाले, ज्योत्स्नाचे मामा देवपूरला राहतात, तिची राहायची सोय आहे, तिनेच धुळं मागून घेतलं.

मागून घेतलं.

आधारचं म्हणे लग्न ठरलंय, शहाद्याची मुलगी. त्याने सगळ्यांना फोटो दाखवला. ठरलेली लग्नं मोडत नाहीत की काय.

१ डिसेंबर, सोमवार. दोंडाईचा

यार्ड म्हणजे लाल मैदान. जिकडे बघावं तिकडे मिरचीचे ढीग, आणि माणसं शिंकतात. मशीनवर मी ओला पंचा टाकून ठेवतो. की-बोर्ड प्लास्टिकच्या पिशवीत.

लिलाव पुकारतात तोताराम आबा. साठीचे, आवाज असा की स्टेशनावर ऐकू जावा. त्यांची एक रीत आहे. पहिल्या ढिगाची चिठ्ठी शेतकऱ्याच्या हातात पडल्याशिवाय दुसऱ्या ढिगाकडे पाय उचलायचा नाही. पूर्वी कधी दोन ढिगांच्या चिठ्ठ्या उलटसुलट होऊन हाणामारी झाली होती, तेव्हापासून. मी म्हणालो, आबा, आता मशीन आहे, तुम्ही पुढे चला, चिठ्ठी मागून येईल. आबा म्हणाले, "मशीन तुझं. जीभ माझी. चिठ्ठी दे, मग चालतो."

सकाळी नऊला सुरू. ऐकणाऱ्यांची यादी मी भरली. पहिलं नाव धुळ्याचं टाकलं. मग बोर्ड, मग प्रिंटर. क्रम कसाही चालतो, आधार म्हणाला होता. मला तो असा पाहिजे होता.

भाव टाकला की प्रिंटर लगेच करकरतो. आबांनी पहिली चिठ्ठी हातात घेऊन उलटी-सुलटी बघितली आणि दुसऱ्या ढिगाकडे चालू लागले. एकशे अठरा ढीग झाले. एकही अडला नाही.

आपण बनवलेलं चालताना बघून छाती भरते. मग आठवतं, आपण नाही बनवलं.

६ डिसेंबर, शनिवार

लिलाव सुरू व्हायच्या आधी धुळ्याला फोन लावला. आधारने उचलला. ज्योत्स्ना कुठे? आज उशिरा येईल, कदाचित येणारही नाही, मामांबरोबर गेली आहे. कुठे? तो म्हणाला, आज सहा तारीख आहे भो.

सहा तारखेला काय असतं? हा मला तारखा शिकवणार. तिचं येणं-जाणं मला सांगायला हा कोण?

८ डिसेंबर, सोमवार

सहा डिसेंबरला काय असतं ते काल चहा पिताना आठवलं. टपरीवाल्याच्या जुन्या पेपरात बाबासाहेबांचा फोटो होता. कप हातातच राहिला. मी तिच्याशी लग्न करायचं म्हणतो आणि मला एवढं सुचलं नाही, आधारला सुचलं.

लाज वाटली. पण ती लाजही त्याच्यामुळेच वाटली म्हणून त्याचा आणखी राग आला. खरं ते लिहितोय.

१३ डिसेंबर, शनिवार

माझ्याकडून रोज दीडशे भाव धुळ्याला जातात आणि तिकडून मला काही म्हणजे काही येत नाही. भाव आला तेव्हा स्क्रीनसमोर कोण होतं, ती होती, तो होता, दोघं होते, काही नाही. विहिरीत दगड टाकायचा आणि आवाज यायचा नाही, असं. फोन करावा तर लिलाव चालू असताना लाइन अडकलेली, आणि लिलाव संपल्यावर केला तर आधार म्हणतो, ती आत्ताच गेली. रोज आत्ताच जाते.

प्रोग्राम बदलतो.

धुळ्याच्या मशीनवर तासाला एकदा चौकट येणार: 'नाव टाका'. जो बसला असेल तो नाव टाकेल आणि ते माझ्याकडे परत येईल. पंडितभाऊंना सांगेन, पोच पाहिजे, व्यापाऱ्यांचा विश्वास बसतो. खोटंही नाही ते.

आधारच्या रांगेतून पोच परत आणायची तर त्याचा अर्धा कोड खोलावा लागतो. त्याला न कळता ते होणार नाही. सोपा रस्ता सापडला: धुळ्यासाठी रांगच काढून टाकायची. लिलावाने धुळ्याला सांगायचं, पोच येईपर्यंत थांबायचं, मग पुढच्याला सांगायचं. चौकट नसेल तेव्हा पोच आपोआप येते, सेकंदसुद्धा लागत नाही. अकरा ओळींत काम झालं. फ्लॉपी धुळ्याला जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे दिली, 'नवी आवृत्ती' म्हणून.

१८ डिसेंबर, गुरुवार

तीन दिवसांची नावं माझ्यासमोर आहेत.

मंगळवार. नऊ पाच, ज्योत्स्ना. दहा पाच, ज्योत्स्ना. अकरा पाच, आधार. बारा पाच, आधार. एक पाच, ज्योत्स्ना.

बुधवारी सगळीकडे ज्योत्स्ना.

आज पुन्हा अकरा आणि बारा आधार.

म्हणजे अकरा ते एक ती जागेवर नसते आणि तो तिच्या खुर्चीत बसतो. ती कुठे जाते हे त्याला ठाऊक असणार, त्याशिवाय खुर्ची सांभाळेल का? पूर्वी मला काहीच कळत नव्हतं तेव्हा पोटात दुखत होतं. आता एवढं कळतंय तर जास्त दुखतंय. वाटलं, तासाला एकदा पुरत नाही, अर्ध्या तासाला करावं.

आबा मघाशी म्हणाले, "तू त्या स्क्रीनकडे असा बघतो की जसं तिकडून भाव येणार शे. भाव तर मी देतो ना रे." सगळे हमाल हसले. मी पण हसलो.

२० डिसेंबर, शनिवार

हे लिहायला नको वाटतंय. म्हणून लिहितो.

आज आवक मोठी. सुरतेकडचे दोन मोठे खरेदीदार आलेले. एकसष्टावा ढीग गेला तेव्हा अकरा वाजून पाच मिनिटं. बासष्टचा भाव मी टाकला आणि काहीच झालं नाही. बोर्डावर एकसष्टच. प्रिंटर मुका. आबा बासष्टच्या ढिगाशी हात पुढे करून उभे, चिठ्ठीसाठी. चिठ्ठी नाही, तर आबांचा पाय हलणार नाही, आणि आबा हलले नाहीत तर यार्ड हलत नाही.

मला दोन मिनिटांत कळलं. धुळ्याच्या स्क्रीनवर चौकट आलेली होती, आणि नाव टाकायला तिथे कोणी नव्हतं. ना ती, ना तो. लिलाव धुळ्याच्या पोचेसाठी थांबला होता आणि त्याच्यामागे बोर्ड, बोर्डामागे प्रिंटर. क्रम मीच दिलेला.

टेलिफोनची वायर उपटली असती तर 'बिघाड' येऊन धुळं यादीतून गळलं असतं आणि बाकी सगळं चालू झालं असतं. वायर माझ्या गुडघ्याजवळ होती.

मी ती काढली नाही.

दोघं एकदम बाहेर होते. मला बघायचं होतं, किती वेळाने परत येतात आणि आल्यावर कोणाचं नाव पडतं.

लोक विचारायला येत होते, मी सांगत होतो, मशीन अडकलंय, बघतोय. ऊन चढलं. ओली मिरची उन्हात बसली की तिचं तेज जातं. त्रेसष्टावा ढीग शिंदखेड्याकडच्या धुरपदाबाईचा होता. एकटी आलेली बाई. मिरचीवर आपलं लुगड्याचं पटकूर धरून उभी. ती माझ्या खिडकीशी आली आणि म्हणाली, "भाऊ, कसाले थांबनात? तुनं मशीन उपाशी शे का?"

मी म्हणालो, पाच मिनिटं, अक्का.

साडेअकराच्या पुढे सुरतवाले दोघं जीपमध्ये बसले आणि नंदुरबारच्या बाजारात गेले. आबांनी त्यांना हाक मारली नाही. फक्त माझ्या खिडकीकडे बघितलं.

अकरा बावन्नला नाव पडलं. आधार. प्रिंटर करकरला.

त्रेसष्टाव्या ढिगाला बोली लावायला चारच जण उरले होते. बासष्ट आणि त्रेसष्ट, मिरची एकसारखी, भावात एवढा फरक की चिठ्ठी बघून धुरपदाबाईने ती मला परत दाखवायला आणली. तिला वाटलं छापताना चुकलं. मी म्हणालो, बरोबर आहे. ती म्हणाली, "बरं भाऊ." आणि गेली.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२१ डिसेंबर, रविवार

आधार सकाळच्या एसटीने आला. यार्ड बंद. त्याने मशीन लावलं, कोड वाचला. मी मागे उभा. अकरा ओळींपाशी आला तेव्हा त्याचं बोट स्क्रीनवर थांबलं.

"सुकाभाऊ, हे नाव कशाला मागतोस?"

मी त्याची कॉलर धरली. तोंडाला आलं ते सगळं बोललो. अकरा ते एक, तिची खुर्ची, सगळं. त्याने माझे हात सोडवलेही नाहीत. म्हणाला, मी काल जेवायला गेलो होतो, सकाळपासून पोटात काही नव्हतं. ती देवपूरला मामांकडे गेली होती. मामा मास्तर आहेत, शाळा अकराला सुटते, तेव्हाच ते घरी एकटे सापडतात. आठवड्यातून दोन-तीनदा जात होती. मला म्हणाली होती, तेवढा वेळ बसशील का.

"मामांकडे कशाला?"

"ते मी का सांगू? ती सांगेल तेव्हा सांगेल."

आणि मग कॉलर नीट करत म्हणाला, चौकट बघून तिने मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, ही कोणाची कल्पना. मी म्हणालो होतो, व्यापाऱ्यांची असेल.

म्हणजे त्याला तेव्हाच कळलं होतं. त्याने मला झाकलं. हे उपकार मला नको होते.

२४ डिसेंबर, बुधवार

पंडितभाऊंनी धुळ्याला बोलावून घेतलं. जे बोलले ते लिहीत नाही, त्यांचा हक्क आहे. मोसम संपेपर्यंत दोंडाईच्यालाच राहा, कोड होता तसा करून दे, मग बघू, असं ठरलं.

ज्योत्स्ना खाली जिन्यात भेटली. मी विचारायच्या आधीच बोलली. मला वाटतं तिने ते मनात बांधून ठेवलेलं होतं.

"शनिवारी मामा हो म्हणाले. सहा वेळा गेले मी त्यांच्याकडे. बाबांशी तेच बोलणार होते, या रविवारी. मी तुला रविवारनंतर सांगणार होते."

माझ्या तोंडावर हसू आलं असेल, कारण ती म्हणाली, "थांब. एक मला सांग. पाऊण तास तू लाइन का नाही काढलीस? आधार म्हणतो, तुला सुचलं नसेल. घाबरला असशील."

घाबरलो होतो, एवढं म्हणायचं होतं. आधारने दार उघडून ठेवलं होतं. पण त्याने उघडलेल्या दारातून मी आत जाऊ?

"सुचलं होतं," मी म्हणालो. "नाव बघायचं होतं. कोणाचं पडतं ते."

तिने विचारलं, त्या बाईचं नाव काय. मी सांगितलं. ती कुठल्या गावाची, ते मला नीट सांगता आलं नाही.

मग म्हणाली, "मामा हो म्हणाले, सुकदेव. नाही मी म्हणते आहे."

मी म्हणालो, आधारमुळे? खरंच म्हणालो.

ती जिना चढून गेली.

२६ डिसेंबर, शुक्रवार. दोंडाईचा

धुळ्याची रांग परत टाकली. अकरा ओळी काढल्या. यादीत प्रिंटर पहिला.

आबांना सांगितलं, शनिवारी माझी चूक होती, मशीनची नव्हती. कशी, तेही सांगितलं. आबांनी खांद्यावरचा रुमाल झटकला, मिरचीची पूड उडाली, दोघंही शिंकलो. म्हणाले, धुरपदाबाईची अजून दोन तोडणी बाकी शे, येईल ती. तेव्हा तिच्यासमोर बोल. मला सांगून काय.

२९ डिसेंबर, सोमवार

आज धुरपदाबाई आली नाही.

आधार अजून धुळ्यालाच बसतो, ज्योत्स्ना पण. दोघं एका खोलीत, दिवसभर. मत्सर गेला असं लिहिलं तर खोटं होईल. दहाच्या सुमाराला परत तोच हिशेब सुरू झाला. चौकट परत टाकायला दहा मिनिटं लागतात, फ्लॉपी खिशात होती.

मग आबा ओरडले, "चिठ्ठी!" आणि मी बघितलं तर चिठ्ठी केव्हाच निघून प्रिंटरवर लोंबत होती. फाडून दिली. पुढचा ढीग. त्याच्या पुढचा.

एकापर्यंत एकशे चव्वेचाळीस ढीग गेले. शेवटी 'लिलाव संपला' टाकलं. तिकडे कोण बसलं होतं, ठाऊक नाही.

भाव पोचले असतील.